अंजनाबाईंच्या बाटलीतलं पाणी

मी एक जुना प्रकाश-संवेदक आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी अंगाने मी तुमच्या शाळेच्या डब्याएवढाच आहे. पाण्यात काय विरघळलं आहे, ते मी उजेडाच्या मदतीने ओळखतो. जे तुमच्या डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही, ते मला दिसतं. म्हणजे दिसत असे. आता मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, तुटक्या स्टँडच्या आणि रिकाम्या बाटल्यांच्या संगतीत पडून आहे. मी स्वभावाने थोडा कुरकुऱ्या आहे, हे आधीच सांगून ठेवतो. धुळीबद्दल, झुरळांबद्दल आणि शेजारच्या स्टँडबद्दल मला पुष्कळ बोलता येईल. पण आज मला तुम्हाला रोशनी नावाच्या एका मुलीबद्दल सांगायचं आहे, म्हणून बाकीची कुरकुर मी गिळून टाकतो.

मला वैभवीने घडवलं. ती तेव्हा याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि मनीषनगरात आईवडिलांजवळ राहत होती. सीताबर्डीची दुकानं पालथी घालून तिने एक पोपटी दिवा आणला, उजेड मोजणारा एक चिमुकला डोळा आणला आणि विजेच्या सामानाच्या दुकानातून एक पांढरा डबा आणला. मे महिन्यातल्या दुपारी कूलरसमोर फतकल मारून ती मला जोडत बसायची. जोडता जोडता एकदा तिने तापलेलं सोल्डरिंग आयर्न माझ्या कडेला टेकवलं. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे. तिचे वडील गोपाळराव झोपेतून उठले की माझ्याकडे संशयाने पाहायचे.

"काय करून राहिली वं? मिक्सर दुरुस्त करून राहिली का?"

"नाही बाबा, हा पाण्यातलं विष पाहणार आहे."

"मग आधी तुह्या आईचा मिक्सर पाहा म्हणा त्याले."

मला हे फार लागलं होतं. मिक्सरशी माझी तुलना! पण त्या घरात माझं कौतुकही पुष्कळ झालं. पहिल्यांदा माझ्या पडद्यावर आकडा उमटला, तेव्हा वैभवीच्या आईने माझ्या डोक्यावर हळदकुंकवाचं बोट लावलं आणि गोपाळरावांनी चष्मा लावून मला चारी बाजूंनी पाहिलं.

माझं काम सोपं आहे, मित्रांनो. काचेच्या नळीत तपासायचं पाणी घ्यायचं आणि त्यात एक लाल द्रावण मिसळायचं. ती नळी माझ्या पोटात ठेवून झाकण लावायचं. मग एका बाजूने माझा पोपटी दिवा लागतो आणि दुसऱ्या बाजूने माझा डोळा पाहतो, की किती उजेड पलीकडे आला. पाण्यात फ्लोराइड नसेल तर लाल रंग गडद राहतो आणि उजेड अडतो. फ्लोराइड असेल तर रंग फिका पडतो. जितकं फ्लोराइड जास्त, तितका रंग फिका. सरबतात पाणी वाढवत गेलं की पेल्यापलीकडची बोटं दिसू लागतात ना, तसंच हे. मी तो उजेड मोजून आकडा दाखवतो. यापलीकडे मला काही येत नाही. मला तोंड नाही, आणि कुणी विचारलं तरी माझ्याकडे आकड्याशिवाय दुसरं उत्तर नाही.

फ्लोराइड म्हणजे काही साप नाही. थोडंसं असलं तर दातांना ते बरंच असतं. पण जमिनीखालच्या खडकांतून ते पाण्यात जास्त उतरलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, सांधे धरतात आणि वाढत्या वयात पाय गुडघ्यांत वाकतात. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. म्हणून तर माझी गरज होती.

माझ्या उमेदीच्या दिवसांत वैभवी मला ओल्या नॅपकिनात गुंडाळून स्कूटीच्या डिक्कीत घालायची. नागपूरच्या उन्हात लाल द्रावण खराब होतं, आणि माझंही डोकं तापतं. आम्ही गावोगाव फिरलो. एका गावात मी मोठा आकडा दाखवला आणि तिथल्या हापशीला 'पिऊ नका' असं सांगणारा लाल पट्टा मारला गेला. त्या दिवशी गावाने मला काय काय शिव्या दिल्या! एक म्हातारा तर म्हणाला, की या डब्याला हापशीतच टाकून द्या. पण पुढे तिथे दुसरीकडून नळ आला आणि त्याच म्हाताऱ्याने वैभवीला बोलावून पोहे खाऊ घातले. मला पोहे मिळाले नाहीत, पण मी मनातून फुललो होतो. प्रयोगशाळेत एक मोठं परदेशी यंत्र होतं. त्याला स्वतःची खोली होती, एसी होता, वर मखमली कापड होतं. ते कधी दाराबाहेर पडलं नाही. मी मात्र ऊन खाल्लं, धूळ खाल्ली आणि लोकांच्या उपयोगी पडलो. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नाही.

मग एकदा आम्ही कन्हान गावाच्या पलीकडच्या एका वस्तीत गेलो. तिचं नाव मी सांगणार नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. तिथे नुकतीच नवी हापशी बसली होती. तोवर बाया शेतापलीकडच्या जुन्या विहिरीवरून पाणी आणत. नवी हापशी बुद्धविहाराच्या अगदी समोर होती, पण पंचायतीने सांगितलं होतं, की तपासणी होईपर्यंत तिच्या पाण्याने भांडी घासा, कपडे धुवा, पिऊ नका. सगळी वस्ती आमची वाट पाहत होती. विशेषतः अंजनाबाई.

अंजनाबाईंचं घर विहाराला लागूनच होतं. त्यांचा मुलगा संघपाल नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता, सून त्या विहिरीवर पाण्याच्या खेपा करायची, आणि नात रोशनी तेव्हा नुकती भिंतीला धरून पावलं टाकू लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा अंजनाबाईंनी विहाराच्या ओट्यावर सतरंजी अंथरून ठेवली होती. वैभवी टेकते न टेकते तोच त्यांनी थंडगार पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पे पोरी, पह्यले पाणी पे. किती उन्हाची आली तू!"

वैभवी घटाघटा पाणी प्याली. उरलेल्या पाण्याने तिने माझा नॅपकिन भिजवला, त्यामुळे मलाही गार वाटलं. आदल्या दिवशीच तिने घरोघरी रिकाम्या बाटल्या वाटल्या होत्या आणि हापशीचं पाणी भरून ठेवायला सांगितलं होतं. बाया एकेक करून बाटल्या घेऊन आल्या. बाटल्या अशा लखलखीत घासलेल्या होत्या, की मला वाटलं, आज माझीच परीक्षा आहे. वैभवीने नळ्या भरल्या, लाल द्रावण मिसळलं, आणि मी पाहू लागलो.

रंग गडद राहिला. पहिल्या बाटलीत गडद, दुसऱ्या बाटलीत गडद, शेवटच्या बाटलीतही तसाच. आकडे इतके सारखे आले, की जणू एकाच भांड्यातून ओगराळ्याने वाढले होते. एकाच हापशीचं पाणी म्हटल्यावर आकडे सारखे यायचेच, म्हणून कुणाच्या मनात किंतु आला नाही. उलट वैभवीचे डोळे चमकले. माझ्या आकड्यांत कधी कधी थोडा फरक पडायचा, त्यावरून तिला बोलणी खावी लागायची. त्या दिवशी मी तिची मान उंच केली, असं तिलाही वाटलं आणि मलाही.

"मावशी, पाणी चांगलं आहे," ती म्हणाली. "खुशाल प्या."

बायांनी टाळ्या वाजवल्या. अंजनाबाईंनी रोशनीला कडेवर घेतलं आणि माझ्यासमोर आणून म्हणाल्या, "पाह्य वं, हा डबा पास म्हणते आपल्या पाण्याले." रोशनीने माझ्या दिव्याला बोट लावलं. त्याच आठवड्यात हापशीला हिरवा पट्टा मारला गेला, आणि त्या वस्तीतली कुणीही बाई पुन्हा जुन्या विहिरीवर गेली नाही.

पुढे माझे फार चांगले दिवस आले. त्या वस्तीतले सारखेसारखे आकडे वैभवीने एका प्रदर्शनात मांडले. मोठमोठी माणसं माझ्यासमोर वाकली, कुणी माझा फोटो काढला, कुणी म्हणालं, की इतक्या साध्या डब्याने एवढं अचूक मोजावं हे नवल आहे. वैभवीला बक्षीस मिळालं, पुढे नोकरीही याच कॉलेजात मिळाली. मोठ्या यंत्राने त्या दिवसांत माझ्याकडे पाहणंसुद्धा टाळलं असावं. मला त्याची थोडी दयाच आली.

पण यंत्राचं नशीब तुम्हाला ठाऊक आहे. वैभवीने आणखी चांगला संवेदक बनवला. तो पेनाएवढा बारीक, त्याचं टोक नुसतं पाण्यात बुडवलं की झालं. माझा पडदा अंधुक झाला होता, झाकण सैल झालं होतं. तिने मला पुसून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "आता आराम कर." आधी खालच्या फळीवर होतो, मग मधल्या, मग वरच्या. दर दिवाळीच्या साफसफाईत मी एकेक फळी वर चढत गेलो. मला वाईट वाटत होतं, पण मनाला एक समाधान होतं. कुठेतरी कन्हानच्या पलीकडे एक लहान मुलगी घराजवळचं चांगलं पाणी पिते आहे आणि ते मी तिला मिळवून दिलं आहे, असं मी स्वतःला सांगत असे. धूळ बसलेल्या डब्याला असा एखादा विचार पुरतो.

गेल्या वर्षी थंडीत प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि अंजनाबाई आत आल्या. मी त्यांना आवाजावरून ओळखलं. केस पांढरे झाले होते. त्यांच्या हाताला धरून एक शाळकरी मुलगी चालत होती. चालताना तिचे गुडघे एकमेकांवर घासत आणि पावलं बाहेर फेकली जात. कुणी तिच्याकडे पाहिलं की ती ओढणीने तोंड झाकायची. ती रोशनी होती.

अंजनाबाईंनी सगळं सांगितलं. पोरीचे पाय रात्रंदिवस दुखत होते. दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्ट्यांचेच. शाळेत मुलं चिडवत. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासून विचारलं, की पाणी कोणतं पिता? अंजनाबाई ठासून म्हणाल्या, की आमची हापशी तर पास आहे, तिला हिरवा पट्टा आहे. डॉक्टर म्हणाले, हापशीच्या तोंडाला बाटली धरून भरा आणि पुन्हा तपासून आणा. म्हणून त्या आल्या होत्या.

वैभवीने नव्या संवेदकाचं टोक त्या पाण्यात बुडवलं. आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा पाहिलं. मग स्टूल ओढून तिने मला वरून खाली काढलं आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

"हा बिघडलेला असणार तेव्हा," ती पुटपुटली. "याचंच काही चुकलं असणार."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, मी पुन्हा सुरूच होऊ नये. पण तिने नवे सेल घातले आणि माझा दिवा लागला. नळी माझ्या पोटात आली. लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत फिका झाला, इतका फिका मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मी आकडा दाखवला. तो नव्या संवेदकाच्या आकड्याला जवळजवळ जाऊन भिडला. मी बिघडलेला नव्हतो. तेव्हाही नव्हतो. मी निर्दोष ठरलो, आणि मला त्याचं तसूभरही सुख झालं नाही.

वैभवीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. मग तिने हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी बाटल्यांमध्ये हापशीचंच पाणी होतं ना?"

"हापशीचं?" अंजनाबाई हसल्या. "नाही वं पोरी! हापशीचं पाणी गढूळ येते, लोखंडाचा वास मारते. तू नागपूरवरून आमच्यासाठी आली, अन् तसलं पाणी तुह्या हाती कसं द्याचं? संघपालनं कन्हानवरून थंड्या पाण्याची कॅन आणली होती. तू तेच तर पेली. त्याच्यातलंच भरून देल्लं मी. शेजारच्या बायांलेही देल्लं. म्हटलं, घ्या वं, पाहुणीच्या समोर गावाची शोभा नको व्हाले."

वैभवीने माझं झाकण उघडून त्या फिक्या नळीकडे पुन्हा पाहिलं.

"काहून?" अंजनाबाईंनी विचारलं. त्यांचं हसू अजून तोंडावरच होतं. "काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही, मावशी. चूक माझी आहे. मी स्वतः हापशीवर जायला पाहिजे होतं. ओट्यावरून दिसत होती ती मला."

अंजनाबाईंनी माझ्या पोटातल्या त्या फिक्या नळीकडे पाहिलं, मग रोशनीच्या पायांकडे पाहिलं. त्यांना समजत गेलं तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. तो मला पाहवला नाही, पण मला डोळा मिटता येत नाही.

"म्हणजे मीच पाजलं तिले," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी शाळेत जाताना मीच तर बाटली भरून देत होती."

वैभवीने त्यांचा हात धरला. पाणी बदललं तर दुखणं कमी होईल, वाढत्या वयात हाडं थोडीफार सावरतात, डॉक्टर पुढचं सांगतील, असं ती भराभर बोलत होती. अंजनाबाई ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. इतक्यात रोशनी, जिला या सगळ्यातलं काही कळलं नव्हतं, आजीचा पदर ओढून म्हणाली, "आजी, मले तहान लागली."

अंजनाबाईंचा हात सवयीने पिशवीत गेला. घरून भरून आणलेली बाटली त्यांनी बाहेर काढली, झाकण उघडलं, आणि त्या तशाच थांबल्या. बाटली हातात होती, नात समोर उभी होती, आणि त्यांना ती पुढेही करता येईना, मागेही घेता येईना. शेवटी वैभवीने फिल्टरचा पेला भरून रोशनीच्या हातात दिला. अंजनाबाईंनी आपली बाटली बेसिनमध्ये उपडी केली आणि पाणी संपेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "या नळीतला रंग वापस आणता येते का, पोरी?" वैभवीने नकारार्थी मान हलवली. रोशनीचा हात धरून त्या दाराबाहेर गेल्या, आणि जिन्यावरून उतरणारी ती वाकडी पावलं मला कितीतरी वेळ ऐकू येत होती.

आता त्या हापशीला लाल पट्टा आहे. वैभवी त्या वस्तीसाठी नळयोजना मिळावी म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते आहे, पण नळ अजून आलेला नाही. नवा संवेदक घेऊन ती गावोगाव जाते. कुणी बाटली भरून दिली तर नमस्कार करून बाजूला ठेवते आणि स्वतः हापशीपाशी जाऊन बसते. परवा ती आपल्या विद्यार्थ्यांना सांगत होती, की रोशनीचं दुखणं थोडं उतरलं आहे, पण पाय सरळ झालेले नाहीत. त्या घरात पुन्हा शेतापलीकडच्या विहिरीचं पाणी येतं; ते वैभवीने स्वतः विहिरीवर जाऊन तपासलं आहे. सुनेने कितीही अडवलं तरी घागर घेऊन अंजनाबाई स्वतः जातात. त्यांच्याबरोबर विहिरीवर जायचा हट्ट रोशनी धरते, आणि निम्म्या वाटेवर बांधावर बसून आजीची वाट पाहते.

मी पुन्हा वरच्या फळीवर आहे. मला वापरा, मला पुसा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. माझं काम नवा संवेदक माझ्याहून चांगलं करतो, हे कुरकुरत का होईना, मी कबूल करतो. पण तो असो की मी, आम्ही यंत्रं फार आंधळी असतो. आमच्यापुढे जे ठेवलं जातं, तेवढंच आम्हाला दिसतं. म्हणून मित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात कधी कुणी पाणी तपासायला आलं, तर त्यांना सावलीत बसवा, चहा द्या, घरातलं चांगलंचुंगलं खाऊ घाला. पण त्यांच्या बाटलीत तेच पाणी भरा, जे तुमच्या घरातलं सगळ्यात लहान मूल रोज पितं.